दादांचा गळा

आमच्या वस्तीवरची पोरं एक खेळ खेळायची. तो मी पुढं दुसरीकडं कुठं पाहिला नाही. लिंबाखालच्या दगडावर एकजण सैतान होऊन बसायचा आणि बाकीच्यांनी एकेकानं त्याच्यापुढं जाऊन उभं राहायचं. सैतान विचारायचा, "काय पायजे?" आपण मागायचं. मग तो म्हणायचा, "काय देशील?" तेव्हा छातीवर हात ठेवून सांगायचं, "इमान देईन." सैतानानं मूठ मिटली की सौदा झाला. मग ज्यानं इमान विकलं त्यानं पळायचं आणि बाकीच्यांनी त्याला धरायचं.

हा खेळ आम्हाला कुणी शिकवला नव्हता. नेकनूरहून अत्तर आणि सुरमा विकायला एक चाचा यायचे, त्यांच्या गोष्टींमधून आम्हीच तो काढला होता. चाचांच्या गोष्टीतला सैतान शिंगांचा नव्हता. स्वच्छ कपडे घालणारा, गोड बोलणारा, दारात आल्यावर आधी खुशाली विचारणारा असायचा. तो कधी जबरदस्ती करायचा नाही. "उनो पूछता बेटा, छीनता नै," असं चाचा बोट वर करून सांगायचे, आणि आम्ही एकमेकांना चिकटून बसायचो.

पावसाच्या वर्षांत आमच्या मागण्या पोरांच्याच असायच्या. कुणी जिलेबी मागायचं, कुणी सायकल. मला लाल रिबीन हवी असायची. दुष्काळ पडला आणि मागण्या बदलल्या. माझी एक मैत्रीण रोज एकच मागायची, आईला खडी फोडायला जायला लागू नये. मी मागायचे, आमच्या वस्तीवर टँकर यावा.

लागोपाठ दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला होता. एरवी नेकनूरच्या बाजाराला जाताना ओढ्यात घोट्यापर्यंत पाय बुडायचे. त्या उन्हाळ्यात त्याच ओढ्याच्या वाळूत झिरे खणून आम्ही वाटीवाटीनं पाणी भरायचो. पालीच्या धरणाचा तळ उघडा पडलाय, असं एसटीनं येणारी माणसं सांगायची. गावातल्या मोठ्या विहिरीत सरकारी टँकर रिकामा व्हायचा, पण आमची वस्ती ओढ्यापलीकडं. वाळूत चाकं रुततील म्हणून टँकरवाला अलीकडूनच परत फिरायचा. मग वस्तीवरच्या बाया घागरी घेऊन गावात जायच्या आणि गावातल्या बाया त्यांना सगळ्यांच्या शेवटी उभं करायच्या. एकदा माझी आई, तिला आम्ही बाई म्हणायचो, कपाळावर खोक घेऊन घरी आली. घागर मात्र भरलेली होती. ती आधी नीट उतरवून ठेवली, मग पदर ओला करून कपाळाला लावला. धाकट्या भावाला ती बाजेवर बसवून आंघोळ घालायची आणि बाजेखाली परात ठेवायची. परातीत पडलेलं पाणी शेळीला.

दादा म्हणजे माझे वडील. दुष्काळी कामावर दगड वाहायचे, पाऊसपाणी असेल तेव्हा दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे. पण गावात त्यांची ओळख ही नव्हती. गाव त्यांना बुवा म्हणायचं, कारण त्यांना गळा होता. मारुतीच्या देवळात शनिवारी भजन असायचं. दादांनी तोंड उघडलं की पारावर पत्ते खेळणारी माणसंसुद्धा डाव तसाच ठेवून गप्प बसायची. मी देवळाच्या पायरीवर बसलेली असायचे आणि मला वाटायचं, हा आवाज आमच्या घरात राहतो, आमच्याच ताटात जेवतो. एवढी श्रीमंती मला पुढं कधी वाटली नाही.

हा गळा ओळखला तो गुरुजींनी. ते दादांच्या लहानपणीचे शाळामास्तर. पेटी त्यांचीच, भजनी मंडळ त्यांनीच उभं केलेलं. कुठल्याशा जुन्या आजारानं त्यांची मान सतत थोडी हलायची, जणू ते सगळ्यांना होच म्हणताहेत. आमच्या भागात सहकारी साखर कारखाना काढायचं ठरलं तेव्हा शेअर गोळा करायला ते सायकलवर गावोगाव हिंडले होते. दादा तेव्हा तरणे होते. गुरुजी त्यांना सायकलवर मागं बसवून न्यायचे. गावात पोचलं की दादांनी एक गवळण म्हणायची आणि माणसं जमली की गुरुजींनी कारखान्याचं बोलायचं. "कारखान्याची पहिली वीट माझ्या गळ्यानं वाहिली," असं दादा कधीकधी हसत म्हणायचे.

त्या कारखान्याची निवडणूक भर दुष्काळात आली. उसाचं टिपरू नव्हतं, धुराडं थंड होतं, पण इलेक्शन जोरात. एका बाजूला चेअरमनसाहेब, त्यांच्या पॅनलचं चिन्ह कपबशी. दुसऱ्या बाजूला गुरुजी आणि कारखाना सुरू करताना राबलेली चार जुनी माणसं.

एका दुपारी वस्तीवर जीप आली. आम्ही लिंबाखाली आमचा खेळच खेळत होतो. स्वच्छ पांढऱ्या कपड्यांतला माणूस उतरला, त्यानं हसून माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "बुवा हायेत का घरी?" मी घरात पळाले ते थेट उतरंडीमागं.

ते चेअरमनसाहेबच होते. येऊन बाजेवर बसले. बाईनं तांब्या-पेला पुढं केला. त्यांनी पेल्यात पाहिलं, तळाशी गाळ बसला होता. पेला न उष्टावता परत देत म्हणाले, "मी पिऊन आलोय, माय. पोरांना ठेवा."

मग दादांकडं वळले. "बुवा, कपिलधारच्या जत्रंत तुमाला ऐकलंय मी. तवापासून कानात हाय. या इलेक्शनला तुमी आमच्या गाडीवर पायजे. कपबशीचं गाणं म्हणायचं."

"मी देवाचं म्हणतो, साहेब."

"म्हणा की. आधी देवाचं म्हणा, मग आमचं. चालबी तीच ठेवा, लोकांना वळखीची चाल बरी वाटती."

दादा जमिनीकडं बघत म्हणाले, "पलीकडं गुरुजी हायेत."

"हायेत. मलाबी त्यांनीच पाढे शिकवलेत. पाया पडतो मी त्यांच्या. पर बुवा, चांगल्या माणसाला कारखाना हाकता येतोच असं न्हाई." साहेबांनी दारातल्या रिकाम्या घागरींकडं पाहिलं. "पाणी कुठून आणता?"

बाईनं सांगितलं. कपाळावरची खोक दाखवली नाही, पण ती दिसतच होती.

"कारखान्याचा टँकर नुसता उभा हाय. ऊस न्हाई तर त्याला काय काम? उद्यापासून हितं येईल. ओढ्यात मुरूम टाकून घेतो."

"आन मी न्हाई आलो तर?"

साहेब मोकळं हसले. "तर न्हाई आले. मी काय वाघ हाय का? टँकर मग दुसरीकडं जाईल, जिथली माणसं आपल्याला मानतात तिथं. तुमीच सांगा, कावून जाऊ नये?"

जीप गेली. चूल पेटवता पेटवता बाई म्हणाली, "जावा."

"गुरुजींच्या इरुद्ध?"

"गुरुजी लई मोठे हायेत. त्यांच्या परड्यात आड हाय, अजून आटला न्हाई."

"माणसाला इमान असतं."

बाईनं फुंकणी खाली ठेवली. तिचा आवाज चढला नाही. "तुमचं इमान सकाळ-संध्याकाळ माझ्या डोक्यावर घागर होऊन बसतंय. तेवढं उतरवा, मग काय करायचं ते करा."

टँकर आला. मुरूम टाकलेल्या ओढ्यातून हेलकावे खात, मागं पाण्याची ओली रेघ सोडत आला, आणि वस्तीवरची म्हातारी माणसंसुद्धा टाळ्या वाजवायला लागली. बायांनी हंडे भरले, घागरी भरल्या, परात, घमेलं, पोरांची दप्तरं ठेवायची पत्र्याची पेटी, जे हाती लागलं ते भरलं. एका म्हातारीनं भरलेल्या हंड्याला कुंकू लावलं. बाईनं त्या दिवशी मला डोक्यावरून न्हाऊ घातलं. पाणी मानेवरून पाठीवर ओघळताना मला इतकं सुख झालं की रडू आलं. आणि रडता रडता भीतीही वाटत होती. हे पाणी मी मागितलं होतं. छातीवर हात ठेवून इमान देईन म्हटलं होतं. सैतान इतक्या लवकर येईल, आणि माझं सोडून दादांचं घेऊन जाईल, असं मला वाटलं नव्हतं. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. आठवडाभर मी लिंबाखाली गेलेच नाही.

दादा रोज जीपमध्ये बसून जायचे. पुढं भोंगा बांधलेला, मागं ढोलकीवाला. भजनाच्या चालीवर शब्द बसवले होते:

"कपबशीचा घोट घ्या हो, गोडी कारखान्याची,
साहेबांच्या हाती द्या हो किल्ली खजिन्याची."

पोरांना ते गाणं दोन दिवसांत पाठ झालं. माझा भाऊ शेळीच्या मागं फिरताना तेच म्हणायचा. दादा घरी असले की बाई त्याला गप्प करायची. गावात कुणी दादांना तोंडावर काही बोललं नाही. शनिवारी ते देवळात गेले, तेव्हा भजनी मंडळानं त्यांना नेहमीसारखी जागा करून दिली. गुरुजी पेटीवर होते. त्यांनी नेहमीसारखा सूर दिला. दादांनी एकच अभंग म्हटला आणि घसा बसल्याचं सांगून मागं सरकले.

शेवटची सभा नेकनूरला बाजाराच्या दिवशी झाली. बाई आणि मी मीठ-मिरची घ्यायला गेलो होतो. बांगड्यांच्या दुकानांच्या पुढं मोकळ्या जागेत मांडव घातला होता. दादा स्टेजवर होते, डोक्याला नवा फेटा. गाणं रंगात आलं होतं. तेवढ्यात साहेबांचा एक कार्यकर्ता पुढं झाला आणि दादांच्या कानाशी लागला. मी दुरून बघत होते. दादांनी मान नाही म्हणून हलवली. तो पुन्हा कानाशी लागला. खुर्चीवर बसलेल्या साहेबांचं लक्ष होतं की नव्हतं, ते मला आजही सांगता येणार नाही. ढोलकीवाला नुसता ठेका धरून वाट बघत होता. लोक ओरडायला लागले, "व्हय बुवा, येऊ द्या."

आणि दादांनी ते कडवं म्हटलं:

"सायकलीला चेन न्हाई, घंटी कशी वाजंल,
मानच ज्याची डुगडुगती, कारखाना कसा चालंल?"

मांडवात हशा पिकला. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारून हसली. एकानं मान हलवून दाखवली, मग दहाजणांनी. बाईनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. मी तिच्या नजरेच्या रोखानं पाहिलं. चहाच्या हॉटेलच्या छपराखाली, सायकलला टेकून, गुरुजी उभे होते. त्यांची मान हलत होती.

आम्ही मीठ न घेताच परत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्याच्या बाजूनं सायकलची खडखड ऐकू आली. दादांनी ती ओळखली आणि गोठ्यात शिरले. गुरुजींनी सायकल लिंबाला टेकवली आणि बाजेवर बसले. "बाई, पाणी दे," म्हणाले. बाईनं टँकरचंच पाणी दिलं, दुसरं होतं कुठं? त्यांनी पेला संपवला. "अजून दे." दुसराही संपवला. धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि गोठ्याकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "बाहेर ये. शेळीनं तुझं काय ऐकावं?"

दादा आले. समोर उकिडवे बसले. वर बघितलं नाही.

"कालच्या कडव्यात दुसऱ्या ओळीला ताल सुटला तुझा," गुरुजी म्हणाले. "समेवर आलाच न्हाईस. असं कधी झालं नव्हतं तुझं. काय झालंतं?"

दादा बोटानं मातीत रेघा ओढायला लागले.

"लाज वाटली का?"

"व्हय," दादा म्हणाले. तो आवाज इतका बारीक होता की मला वाटलं आतून कुणी लहान पोर बोललं.

गुरुजींनी सायकलकडं पाहिलं. मग म्हणाले, "चेन हाय रे तिला. घंटी न्हाई, ते खरं." आणि हसले. हसता हसता उठले, माझ्या भावाच्या गालाला हात लावला आणि निघून गेले. दादा उकिडवेच बसून राहिले. त्या दिवशी ते कामावर गेले नाहीत आणि जेवलेही नाहीत.

कपबशी निवडून आली. चाचांच्या गोष्टीत अशा वेळी सैतान शब्द फिरवायचा. दिलेलं सोनं सकाळी राख व्हायचं. वस्तीवरही सगळे तेच धरून चालले होते. मत पडलं, आता कसला टँकर? पण टँकर येत राहिला. मृगाचा पाऊस लांबला, तरी येत राहिला. पाऊस पडून ओढा वाहायला लागला तेव्हाच तो थांबला. पुढच्या वर्षी साहेबांनी वस्तीवर बोअर घेऊन दिला, हापसा बसवून दिला. पाणी लागलं, तेही गोड. साहेबांनी दिलेला शब्द पाळला. ते लबाड निघाले असते तर आम्हाला सगळ्यांना सोपं गेलं असतं. दादांना तर फारच.

मधली वर्षं बरी गेली. पाऊस बऱ्यापैकी झाला. दादा शनिवारी देवळात जायचे, गुरुजी सूर द्यायचे, दादा म्हणायचे. पण ज्या चालीवर त्यांनी कपबशी बसवली होती ती चाल त्यांनी सोडून दिली. कुणी फर्माईश केली तरी ऐकू न आल्यासारखं करायचे.

मग पुढची निवडणूक आली. मी तेव्हा दहावीला बसले होते. पुन्हा जीप आली, या वेळी साहेब आले नव्हते, माणसं पाठवली होती. दादा दारात उभे होते. त्यांनी गळ्यावर हात ठेवला आणि घोगऱ्या, फाटक्या आवाजात म्हणाले, "गळा गेला. डॉक्टर म्हणलाय, परत येणार न्हाई. साहेबांना राम राम सांगा."

मला धक्काच बसला. आदल्या शनिवारी तर ते गायले होते. पण त्या दिवसापासून त्यांचा आवाज खरोखरच तसा राहिला. घरात बोलले तरी घोगरं, शेतात हाक मारली तरी फाटकं. देवळात जायचे, मागच्या खांबाला टेकून टाळ वाजवायचे. साऱ्या गावाला हळहळ वाटली. कुणी ज्येष्ठमध आणून दिलं, कुणी मधातून मिरी. भजनी मंडळातल्या एकानं कपिलधारला नवस बोलला. अत्तरवाल्या चाचांनी कसलीशी काळी गोळी दिली, ती दादांनी त्यांच्यासमोर चघळली आणि त्यांचं तोंड असं काही वाकडं झालं की चाचाच घाबरले. साहेबांनी बीडच्या मोठ्या डॉक्टरकडं न्यायला जीप पाठवली. दादा जीपमध्ये बसले नाहीत. बाई या सगळ्यावर एक शब्द बोलत नव्हती. ज्येष्ठमध डब्यात भरून ठेवत होती.

त्या वर्षी दिवाळीनंतर मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर ऊसतोडीला गेले. बाईच्या कमरेत कळ येत होती, मोळ्या बांधायला हात हवा होता. दादांनी त्या वर्षी गावातली टोळी सोडली आणि दुसऱ्या तालुक्यातल्या मुकादमाच्या टोळीत नाव घातलं. ओळखीचं एक माणूस नाही. मला राग आला होता. ट्रकमध्ये भांडीकुंडी, कोंबड्या, पोरं, सगळ्यांच्या मध्ये बसून मी दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही.

आम्ही कोल्हापूरकडच्या एका कारखान्यावर पोचलो. पाचटाच्या कोप्या घातल्या, राहायला लागलो. पहिल्याच पहाटे फडात उतरलो. सगळीकडं धुकं होतं, उसाच्या पानांवरून थेंब गळत होते, पानं हाताला कापत होती. आमच्याकडं एवढी ओल मी कधी पाहिली नव्हती. दादा पुढं कोयता चालवत होते, बाई मागं पाचट काढत होती, मी मोळ्या बांधत होते. उजाडायला लागलं आणि पुढून गाणं आलं.

सुरुवातीला मला कळलंच नाही. वाटलं, टोळीतलं दुसरं कुणी असेल. मग वरची जागा आली आणि मी हातातली मोळी सोडून दिली. दादा गात होते. त्यांनी टाकून दिलेली तीच चाल, तिच्यावर तिचे मूळचे शब्द. गळ्याला काही झालेलं नव्हतं. आवाज उलट भरला होता, कोयत्याच्या ठेक्यावर सम गाठत होता. पलीकडच्या फडातले कोयते थांबले. कुणीतरी ओरडलं, "आरं, कोण म्हणतंय?"

मी बाईकडं पाहिलं. ती खाली वाकून पाचट काढत होती, तिच्या गालावरून पाणी वाहत होतं. "तुला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"मीच म्हणलंतं, गळा गेला म्हणून सांगा," ती म्हणाली. "हापशाचं पाणी पिऊन तोंडावर न्हाई म्हणवत न्हाई माणसाला. मग काय करायचं?"

"आन देवळात कावून म्हणत न्हाईत?"

"देवळात म्हणलं तर भोंग्यावर म्हणावं लागतंय."

ते सगळं हिवाळाभर चाललं. गावी परतल्यावर पुन्हा घोगरा आवाज, पुन्हा मागचा खांब. ऊसतोडीला जायचं म्हटलं की वस्तीवरच्या घराघरांत तोंडं उतरायची. दादा मात्र दसरा झाला की कोयत्याला धार लावायला बसायचे, लग्नाला निघाल्यासारखे. इतरांना त्याचं नवल वाटायचं. मलाही थंडीचे ते महिने, हात फाटलेले असतानाही, आयुष्यातले फार चांगले महिने वाटतात. कोपीसमोर शेकोटी असायची, बाजरीची भाकरी, मिरचीचा ठेचा, आणि टोळीतल्या बाया-पोरांच्या मध्ये बसलेले दादा. तिकडं त्यांना बुवा कुणी म्हणायचं नाही. नुसतं "ओ बीडवाले, म्हणा की" म्हणायचे. ते म्हणायचे.

माझं लग्न झाल्यावर दुसऱ्या वर्षी गुरुजी गेले. मी माहेरी आले होते. सकाळीच निरोप आला. अख्खं गाव जमलं, आजूबाजूच्या गावांतली म्हातारी माणसं आली, त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी गुरुजींच्या सांगण्यावरून शेअर घेतला होता. साहेबही आले. गाडी वेशीबाहेर ठेवून चालत आले आणि त्यांनी तिरडीला खांदा दिला. भजनी मंडळ पुढं होतं. पेटी गळ्यात अडकवलेला मुलगा नवा होता, त्याला सूर सापडेना. भजन दोनदा सुरू झालं आणि दोनदा पडलं. कुणीतरी रडत होतं, कुणी टाळ चुकवत होतं.

दादा मागं, टाळ घेऊन चालले होते. ते पुढं आले. पेटीवाल्या पोराला थांब म्हणून खूण केली. आणि भर रस्त्यात, सगळ्या गावासमोर, साहेबांपासून चार हातांवर, त्यांनी आवाज लावला.

मंडळातली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. एका म्हाताऱ्यानं तर हात जोडले, त्याला कपिलधारचा नवस फळला असं वाटलं. दादा कुणाकडं बघत नव्हते. स्मशानापर्यंत गात गेले. त्यांचा ताल एकदाही सुटला नाही. बाई बायांच्या घोळक्यात माझ्याशेजारी उभी होती, ती हळूच म्हणाली, "झालं आता."

सगळं उरकल्यावर माणसं ओढ्यावर हात-पाय धुवत होती. साहेब दादांजवळ आले. आता तेही थकले होते, हातात काठी होती. "गळा आला म्हणायचा परत," ते म्हणाले.

"आला, साहेब."

साहेब ओल्या हातांनी तोंड पुसत राहिले. दादा उभे होते, समोरून येईल ते झेलायला. साहेब म्हणाले, "आज गुरुजी असते तर लई खूश झाले असते," आणि काठी टेकत गाडीकडं गेले. त्यानंतरच्या निवडणुकीला वस्तीवर जीप आली नाही. टेपवर गाणी वाजवायचा जमाना आला होता, हेही खरं. साहेबांनी माफ केलं की त्यांना आता गरज नव्हती, ते दादांना कधी कळलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही.

दादा पुन्हा शनिवारी गायला लागले. मधल्या वर्षांत वाढलेल्या गावातल्या पोरांना त्यांचं गाणं माहीतच नव्हतं, ती देवळाबाहेर मोटारसायकली लावून आत डोकवायची. मला मुलं झाली, त्यांना सुट्टीत आजोळी न्यायचे, तेव्हा तीही पायरीवर बसून ऐकायची. एकदा असंच दुपारी दादा लिंबाखाली बाजेवर पडले होते, मी शेंगा फोडत होते. बाई हापशावर गेली होती. लहानपणापासून विचारायचं राहिलेलं मी तेव्हा विचारलं.

"दादा, त्या इलेक्शनला तुमी इमान इकलंतं का?"

त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"इकलंतं की," ते म्हणाले. "तुझ्या मायच्या डोक्यावरची घागर उतरली. पुन्हा तसं साल आलं, तर पुन्हा जीपमधी बसंन. कडवं मात्र म्हणणार न्हाई." मग जरा थांबून म्हणाले, "म्हणजे, आता वाटतंय न्हाई म्हणणार. तवाबी तसंच वाटलंतं."

बाई घागर घेऊन आली. दादा उठले, तिच्या डोक्यावरून घागर उतरवून घेतली आणि म्हणाले, "चहा टाक. आज शनिवार हाय, पोरगी आलीय, जरा लवकर जाऊ."